मीटरचा दिवा का जातो?

संध्याकाळी उशिरा धुळ्याहून निघालेली गाडी फागणे, मुकटी, पारोळा, एरंडोल, पाळधी करीत जळगावला पोहोचते तोवर चांगलाच अंधार पडलेला असतो. वाटेत कुठेतरी चालक दिव्यांची कळ ओढतो. समोरचा रस्ता उजळतो, पण डॅशबोर्डावरच्या मीटरचा अर्धा भाग काळाच राहतो. जुनी मारुती व्हॅन बाळगणाऱ्या कुटुंबांना हा अनुभव नवा नाही. पेट्रोलचा काटा आणि इंजिनाच्या तापमानाचा काटा नेमके त्या काळोख्या भागात असले की चालक मोबाइलची विजेरी लावून पाहतो किंवा पाहण्याचे सोडून देतो. काटे चालू असतात, दिसत मात्र नाहीत. त्यामुळे ‘पुढच्या सर्व्हिसिंगला बघू’ असे म्हणत महिनेच्या महिने जातात.

ही व्हॅन १९८४ साली आली. पुढे तिला ओम्नी हे नाव मिळाले आणि २०१९ मध्ये तिचे उत्पादन थांबले. खानदेशात तिने लग्नाची वऱ्हाडे, दवाखान्याच्या फेऱ्या आणि शाळेची मुले अशी सगळी ओझी वाहिली. तिच्या आणि तिच्या पिढीतल्या इतर गाड्यांच्या मीटरमागे टंगस्टनच्या तंतूचे बोटाच्या पेराएवढे दिवे असतात. दुकानात त्यांना ‘मीटर बल्ब’ म्हणतात. दिवा काही रुपयांचा असतो, पण तो का गेला याचे उत्तर शोधताना दहावी-बारावीच्या पदार्थविज्ञानातला बराचसा भाग डोळ्यांसमोर येतो. आणि दिवा कोणता गेला आहे यावर प्रवाशांची सुरक्षितताही अवलंबून असते. म्हणून हा विषय आम्ही येथे जरा सविस्तर घेत आहोत.

मीटर बल्बला पितळी टोपी नसते. काचेचेच बूड चपटे केलेले असते आणि दोन बारीक तारा त्या बुडाच्या दोन्ही बाजूंना वळवून ठेवलेल्या असतात. हे बूड एका प्लॅस्टिकच्या होल्डरमध्ये खोचलेले असते. मीटरच्या पाठीवर तांब्याच्या पातळ पट्ट्या छापलेली लवचीक फिल्म चिकटवलेली असते. होल्डर पाव फेरा फिरवला की त्याचे संपर्क त्या पट्ट्यांवर टेकतात. दिवे १२ व्होल्टचे आणि जागेनुसार १.२, ३ किंवा कुठे ५ वॅटचे असतात. जागा कोणतीही असो, तिथे लिहिलेल्या वॅटचाच दिवा बसवायचा. याचे कारण पुढे येईल.

आता १.२ वॅटच्या दिव्याचा ढोबळ हिशेब करू या. शक्ती भागिले विभवांतर म्हणजे ०.१ अँपिअर धारा. आणि १२ व्होल्ट भागिले ०.१ अँपिअर म्हणजे १२० ओहम रोध. पण तोच दिवा हातात घेऊन मल्टिमीटरने रोध मोजला, तर १० ते १३ ओहमच्या आसपास आकडा दिसतो. विद्यार्थी म्हणतात, मीटर बिघडला. मीटर बिघडलेला नसतो. धातूचे तापमान वाढले की त्याचा रोध वाढतो, आणि पेटलेल्या दिव्यातला तंतू दोन हजार अंशांच्या वर गेलेला असतो.

यातूनच दिवा जाण्याचे पहिले कारण कळते. कळ दाबली त्या क्षणी तंतू थंड असतो व रोध १० ओहम असतो, म्हणून क्षणभर ०.१ ऐवजी १.२ अँपिअर धारा वाहते. ही अवस्था सेकंदाच्या काही शतांशांपुरतीच टिकते, कारण तंतू लगेच तापतो आणि त्याचा रोध वाढून धारा आपोआप आवरली जाते. धडधाकट तंतू हा धक्का हजारो वेळा सोसतो. पण त्यात एखादी जागा बारीक झालेली असेल तर तेवढी जागा शेजारच्या भागाआधी आणि शेजारच्या भागापेक्षा अधिक तापते. म्हणूनच बल्ब बहुधा लावताक्षणी जातो, लागलेला असताना क्वचित. घरातल्या जुन्या पिवळ्या बल्बांबाबत वाचकांनी हे पाहिलेच असेल.

ती जागा बारीक का होते? टंगस्टन सुमारे ३४२० अंश सेल्सिअसला वितळतो, आणि दिव्यातले तापमान त्याच्या बरेच खाली असते. तरीही पांढऱ्या-पिवळ्या उष्णतेवर त्याचे अणू थोडे थोडे उडत राहतात, जसे उकळीच्या खूप खालीही पाणी सुकते. हे अणू काचेच्या आतल्या बाजूला बसतात. गेलेला मीटर बल्ब उजेडासमोर धरून पाहा. काच करडी किंवा काळपट झालेली दिसेल. तो काळेपणा म्हणजे तंतूचा झिजलेला टंगस्टन. जिथे तंतू किंचित बारीक असेल तिथे रोध जास्त, म्हणून उष्णता जास्त, म्हणून अणू उडण्याचा वेग जास्त, म्हणून ती जागा आणखी बारीक. हे चक्र एकदा सुरू झाले की शेवट ठरलेला असतो. मोठ्या बल्बांत निष्क्रिय वायू भरून ही झीज कमी करता येते हे अर्व्हिंग लँगम्यूर याने १९१३ च्या सुमारास दाखवून दिले. मात्र इतक्या लहान दिव्यात वायू भरला तर तो तंतूची उष्णताच फार पळवतो. म्हणून हे दिवे निर्वातच ठेवतात.

आता आपल्याकडच्या एका समजुतीकडे वळू. जळगावात मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो. बंद उभ्या गाडीचा डॅशबोर्ड उन्हात ६०-७० अंशांपर्यंत तापू शकतो. ‘उन्हाने बल्ब गेला’ असे गॅरेजवर सर्रास ऐकू येते. हे कितपत खरे? तंतूचे तापमान सुमारे २३०० केल्व्हिन धरू आणि तापलेल्या डॅशबोर्डाचे ३४० केल्व्हिन. उत्सर्जित ऊर्जा तापमानाच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात असते. ३४० ला २३०० ने भागून चौथा घात घेतला तर उत्तर दोन हजारांत एक यापेक्षाही कमी येते. म्हणजे तंतूला खानदेशचा उन्हाळा आणि हिवाळा सारखाच. ऊन बल्बला मारीत नाही. ते होल्डरचे प्लॅस्टिक ठिसूळ करते, मागच्या फिल्मला पापुद्रे आणते आणि संपर्क सैल करते. त्यामुळे बल्ब शाबूत असूनही पेटत नाही, आणि डॅशबोर्डावर थाप मारली की पेटतो. थापेने जागा होणारा दिवा बदलून उपयोग नाही. होल्डर काढून त्याचे संपर्क साफ करावे लागतात.

गाडीचे हादरे मात्र तंतूला खरोखर बाधतात. बराच काळ तापलेल्या टंगस्टनमधले स्फटिक वाढत जातात आणि थंड असताना तो काचेसारखा ठिसूळ होतो. जुना दिवा खड्ड्याने तुटतो तो यामुळे.

या सगळ्यापेक्षा बलवान कारण आहे विभवांतर. इंजिन बंद असताना चांगल्या बॅटरीवर सुमारे १२.६ व्होल्ट असतात. इंजिन चालू असताना अल्टर्नेटर बॅटरी भरतो, तेव्हा हा आकडा १३.८ ते १४.४ पर्यंत जातो. मोटारींच्या दिव्यांच्या आंतरराष्ट्रीय नियमांत ‘१२ व्होल्ट’च्या दिव्याची कसोटी १३.५ व्होल्टला घेतात ती म्हणूनच. टंगस्टनच्या दिव्याचे आयुष्य विभवांतराच्या साधारण तेराव्या घाताच्या व्यस्त प्रमाणात असते असा एक व्यवहारातला ठोकताळा आहे. तेरावा घात! १३.५ ऐवजी १४.२ व्होल्ट मिळाले तर वाढ अवघी पाच टक्के, पण आयुष्य जवळजवळ निम्मे. १५ व्होल्ट मिळाले तर आयुष्य एक चतुर्थांश. उजेड मात्र तेवढ्यात चाळीस-एक टक्क्यांनीच वाढतो. विद्यार्थ्यांना घातांकांची ताकद दाखवायला याहून सोपे उदाहरण आम्हाला माहीत नाही. कॅल्क्युलेटरवर १५ ला १३.५ ने भागा आणि आलेले उत्तर त्याच संख्येने बारा वेळा गुणा.

याचा व्यवहारातला अर्थ असा, की एखाद्या गाडीत मीटरचे, पार्किंगचे, नंबरप्लेटचे दिवे दर दोन-तीन महिन्यांनी जात असतील तर दोष बल्बच्या कंपनीला देऊ नये. इंजिन थोडे वेगात ठेवून बॅटरीच्या टोकांवर विभवांतर मोजावे. आकडा १४.८-१५ च्या पुढे जात असेल तर अल्टर्नेटरचा रेग्युलेटर संशयित आहे. असा रेग्युलेटर दिव्यांबरोबर बॅटरीचेही पाणी उडवतो. ‘उन्हाळा आहे, पाणी आटणारच’ म्हणून पुन्हा पुन्हा डिस्टिल्ड वॉटर भरणाऱ्यांनी हे मोजमाप एकदा तरी करून घ्यावे.

बल्ब पाहण्याआधी

मीटरचा एखादा कोपरा अंधारला असेल तर बहुधा त्या कोपऱ्याचा बल्ब गेला आहे. सगळे मीटर एकदम काळे झाले असेल तर बल्बचा विचार सोडा. तीन-चार दिवे एकाच वेळी मरण्याचा संभव फार थोडा. त्यांच्यात सामाईक असलेली एखादी गोष्ट गेली असण्याचा संभव कितीतरी अधिक. सामाईक काय काय असते? फ्यूज, दिव्यांची कळ, उजेड कमी-जास्त करण्याचा रोधक असल्यास तो, आणि बॉडीला जोडलेली अर्थची तार.

यातला फ्यूज महत्त्वाचा. अनेक गाड्यांत मीटरचे दिवे आणि मागचे लाल दिवे एकाच फ्यूजवर असतात. म्हणजे समोर मीटर काळे पडले की आपल्या पाठीमागेही काळोख असू शकतो, आणि तो चालकाला बसल्या जागी दिसत नाही. हेडलाइट वेगळ्या फ्यूजवर असल्यामुळे रस्ता नेहमीसारखा उजळलेला असतो, आणि चालक निर्धास्त असतो. कापसाच्या हंगामात रात्रीच्या रस्त्यावर लाल दिव्याविना चाललेली ट्रॉली किती उशिरा दिसते हे खानदेशातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. मागून येणाऱ्या ट्रकच्या दृष्टीने आपली व्हॅनही त्या वेळी तशीच असते. तेव्हा मीटर पूर्ण काळे पडले तर गाडी रस्त्याच्या कडेला नीट बाहेर घ्यावी, खाली उतरावे आणि आधी मागे जाऊन पाहावे.

जळालेल्या फ्यूजच्या जागी त्याच अँपिअरचा फ्यूज घालावा. सिगारेटच्या पाकिटातली चंदेरी किंवा तारेचा तुकडा घालणारे महाभाग अजून आहेत. फ्यूज म्हणजे मुद्दाम ठेवलेला कच्चा दुवा. तो पक्का केला की त्यानंतरचा कच्चा दुवा म्हणजे डॅशबोर्डामागची वायरिंग, आणि ती पेट घेते.

न लागणारा लाल दिवा

उजेड देणाऱ्या दिव्यांखेरीज मीटरमध्ये इशारा देणारे दिवे असतात: बॅटरीच्या चित्राचा, तेलाच्या बुधलीचा, ब्रेकचा. हे दिवे लागले की आपण घाबरतो, न लागले की सुखावतो. पण जळालेला इशारादिवा आणि ‘सर्व ठीक’ म्हणून विझलेला इशारादिवा दिसायला अगदी सारखे असतात. इंजिनातल्या तेलाचा दाब शून्यावर आला तरी जळालेला दिवा गप्पच राहणार. पाच रुपयांच्या वस्तूमुळे इंजिन जाम होते ते असे.

यावर गाडी बनवणाऱ्यांनीच उपाय ठेवला आहे. किल्ली फिरवा, पण इंजिन सुरू करू नका. या स्थितीत तेलाचा दाब नसतो, अल्टर्नेटर फिरत नसतो. म्हणून ते दोन्ही दिवे लागलेच पाहिजेत. हँडब्रेक ओढला असेल तर त्याचा दिवाही. इंजिन सुरू झाले की ते विझले पाहिजेत. रोज सकाळी दोन सेकंद हे दिवे मोजावेत. शाळेची मुले नेणाऱ्या गाडीच्या चालकाला शिक्षकांनी आवर्जून सांगण्यासारखी ही गोष्ट आहे.

बॅटरीच्या दिव्याचे काम तर आणखी मजेदार आहे. जुन्या पद्धतीच्या बहुतेक गाड्यांत या दिव्याचे एक टोक किल्लीमार्गे बॅटरीच्या धन टोकाला आणि दुसरे अल्टर्नेटरच्या एका टोकाला जोडलेले असते. किल्ली फिरवली की धारा दिव्यातून अल्टर्नेटरच्या फिरत्या वेटोळ्यात जाते. दिवा लागतो आणि वेटोळ्याभोवती थोडे चुंबकीय क्षेत्र तयार होते. इंजिन फिरू लागताच या क्षेत्राच्या जोरावर अल्टर्नेटर वीज निर्माण करू लागतो. मग दिव्याच्या दुसऱ्या टोकाचे विभवही वाढून पहिल्याइतकेच होते. दोन्ही टोकांना सारखे विभव म्हणजे विभवांतर शून्य, धारा शून्य, दिवा बंद. येथे कोणतीही कळ उघडलेली नसते. व्हीटस्टनच्या सेतूत संतुलन झाले की गॅल्व्हानोमीटरचा काटा शून्यावर येतो तसाच हा प्रकार. बारावीच्या वर्गात सेतू शिकवताना हे उदाहरण जरूर द्यावे.

आता हा दिवा जळला तर काय होईल? वेटोळ्याला सुरुवातीची धारा देणारी वाटच तुटेल. काही गाड्यांत दिव्याला समांतर एक रोधक जोडून ही सोय राखलेली असते. काही अल्टर्नेटर गाभ्यात उरलेल्या चुंबकत्वावर, इंजिन जोरात फिरवल्यावर, जागे होतात. दोन्ही नसेल तर अल्टर्नेटर चार्जच करीत नाही. चालकाला बॅटरीचा लाल दिवा दिसत नाही, म्हणून तो समजतो की सारे सुरळीत आहे. हेडलाइट हळूहळू पिवळे पडू लागतात आणि शेवटी गाडी बंद पडते. मग नवी बॅटरी घेतली जाते, क्वचित अल्टर्नेटर उघडला जातो, आणि मूळ दोष मीटरमागच्या बल्बात तसाच राहतो.

दिवा बदलताना

जळगावच्या अजिंठा चौफुलीकडे किंवा धुळ्याच्या आग्रा रोडवर ऑटो इलेक्ट्रिशियन हे काम थोड्या वेळात करून देतो. स्वतः करायचे असेल तर गाडी थंड असताना प्रथम बॅटरीचे ऋण टोक सोडवावे. एअरबॅग असलेल्या गाडीत स्टिअरिंगजवळ आपण हात घालू नये, ते काम जाणकाराचेच.

मीटरभोवतीची चौकट आणि मीटरचे स्क्रू काढले की मीटर थोडे पुढे ओढता येते. जुन्या गाड्यांत मागे वेगमापकाची केबल अडकलेली असते. तिची पकड दाबून ती सोडवावी, हिसका देऊ नये. या केबलच्या टोकाला मीटरच्या आत एक चुंबक फिरतो आणि त्याच्याभोवती ॲल्युमिनियमची एक वाटी असते. दोन्ही एकमेकांना कोठेच चिकटलेले नसतात. फिरत्या चुंबकामुळे वाटीत भोवरा धारा निर्माण होतात, वाटी चुंबकामागे ओढली जाते आणि तिला धरून ठेवणाऱ्या स्प्रिंगच्या विरुद्ध काटा सरकतो. ऑटो शुल्झ या जर्मन अभियंत्याने १९०२ मध्ये या युक्तीचे पेटंट घेतले. मीटर हातात आलेच आहे तर केबलचे भोक काडीने हलके फिरवून काटा हलताना मुलांना दाखवावा.

होल्डर पाव फेरा फिरवून बाहेर काढावा आणि बल्ब सरळ ओढावा. बल्बवर हिरवी रबरी टोपी असेल तर ती नव्या बल्बवर चढवायची विसरू नये. पांढऱ्या उजेडातला हिरव्याखेरीज बाकी भाग ही टोपी शोषते, म्हणून मीटर मंद व डोळ्याला सुसह्य दिसते. मीटर एवढे उघडलेच आहे तर उजेडाचे सगळे बल्ब एकदमच बदलावेत असे आमचे मत आहे. ते एकाच वयाचे असतात, आणि उघडण्याची मजुरी बल्बांच्या किमतीपेक्षा जास्त असते.

‘जरा जास्त उजेड पडू दे’ म्हणून १.२ वॅटच्या जागी ५ वॅटचा बल्ब घालणे हा नेहमीचा मोह. टंगस्टनच्या दिव्यात विजेचा अगदी थोडा अंश प्रकाश होतो, बाकी सारी उष्णता. चौपट वॅट म्हणजे बंद डबीत चौपट उष्णता. होल्डर वितळतो, मीटरची तबकडी तपकिरी पडते आणि मागच्या फिल्मवरची बारीक पट्टी कायमची जळते. तीस रुपयांच्या कामाचे काही हजारांचे मीटर होते.

एलईडीचे मीटर बल्बही मिळतात. त्यांना दिशा असते. न लागल्यास काढून उलटे खोचावेत. उजेडाच्या जागी ते चालतात, फक्त फार प्रखर घेऊ नयेत, कारण रात्री अंधाराला सरावलेली नजर मीटरच्या झगमगाटाने बिघडते. बॅटरीच्या इशाऱ्याच्या जागी मात्र ते टाळावेत. साध्या एलईडीतून फारच कमी धारा जाते, आणि वर सांगितलेल्या वेटोळ्याला ती पुरेलच असे नाही.

वर्गासाठी

मीटर बल्ब, १२ व्होल्टची बॅटरी किंवा अडॅप्टर, दोन मल्टिमीटर आणि थोडी तार एवढ्यावर दोन हजार अंशांचे तापमान मोजता येते. प्रथम थंड बल्बचा रोध मोजावा. मल्टिमीटरची दोन टोके एकमेकांना टेकवून येणारा आकडा त्यातून वजा करावा. मग बल्ब पेटवून विभवांतर व धारा मोजावी आणि भागाकाराने तप्त रोध काढावा. खोलीचे तापमान ३०० केल्व्हिन धरल्यास टंगस्टनचा रोध २००० केल्व्हिनला सुमारे १० पट, २२०० ला ११.२ पट, २४०० ला १२.५ पट आणि २५०० ला १३.१ पट होतो. समजा थंड रोध १० ओहम आणि तप्त रोध १२० ओहम आला. गुणोत्तर १२, म्हणजे तंतू सुमारे २३२५ केल्व्हिनवर, सेल्सिअसमध्ये २०५० अंशांच्या आसपास.

हेच उत्तर पाठ्यपुस्तकातल्या सरळ सूत्राने, टंगस्टनचा तापमान-गुणांक ०.००४५ घेऊन काढून पाहावे. ते २४७० अंश सेल्सिअसच्या घरात येते, म्हणजे चारशे अंशांनी जास्त. आकडेमोड बरोबरच असते. तो गुणांक खोलीच्या तापमानाजवळचा आहे आणि इतक्या वर रोधाची रेषा सरळ राहत नाही. विद्यार्थ्यांना ६, ८, १० व १२ व्होल्टला धारा मोजून विभवांतर-धारेचा आलेख काढायला सांगावा. रेषा वाकलेली आली की ओहमचा नियम येथे का लागू पडत नाही, ही चर्चा ते स्वतःच सुरू करतील. बॅटरीची दोन टोके तारेने थेट जोडली जाणार नाहीत याकडे तेवढे लक्ष ठेवावे, आणि पेटलेल्या बल्बला हात लावू देऊ नये.